अंथरूण पाहून इंजिन बसवा!

रिमोटच्या विमानात मोठे इंजिन घातले की काम झाले, असे वाटते खरे. पण इंजिन बदलणे म्हणजे बल्ब बदलणे नव्हे! नाकावरचा एक भाग बदलला की शेपटीपर्यंतचे सगळे गणित बदलते.

रायपुरातल्या शंकर नगरातल्या एखाद्या घराची गच्ची डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला वाळवण घातलेले, दुसऱ्या बाजूला जुन्या टेबलावर दीड मीटर पंखांचे एक विमान. आत बाल्सा लाकडाचा सांगाडा, वर ताणून बसवलेले रंगीत आवरण आणि नाकाशी मुठीएवढे इंजिन. गेली दोन वर्षे दर रविवारी ते गाडीत घालून गावाबाहेरच्या माळावर न्यायचे, उडवायचे, कधी पाडायचे, घरी आणून पुन्हा जोडायचे, असा क्रम चालू आहे. आता चिरंजीवांचा हात चांगला बसला आहे. हात बसला की मन भरत नाही!

"बाबा, हे फारच हळू चढतं. ह्यात साठचं इंजिन बसवू या ना!"

बाबांनाही मनातून तेच हवे असते. आई मात्र वाळवण परतता परतता एवढेच विचारते, "आणि पडलं म्हणजे?"

प्रश्न आईचा असला, तरी विमानशास्त्रातला तो पहिला प्रश्न आहे. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात रुजलेल्या, तात्यापाऱ्यापासून चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळापर्यंत पसरलेल्या रायपूरच्या मराठी घरांत खटपटी मुलांची कमतरता कधीच नव्हती. कुणी एनसीसीच्या हवाई शाखेत एअरोमॉडेलिंग शिकून येतो, कुणी इंजिनिअरिंग कॉलेजात. अशा प्रत्येक घरात कधी ना कधी हा मोठ्या इंजिनाचा विषय निघतोच. तेव्हा हात घालण्याआधी थोडे समजून घेतलेले बरे.

चाळीसचे आणि साठचे

आधी हे 'साठचे' प्रकरण काय ते पाहू. मॉडेल विमानांच्या ग्लो इंजिनांची मापे घनइंचाच्या शंभराव्या भागात सांगण्याची जुनी पद्धत आहे. चाळीसचे इंजिन म्हणजे ०.४० घनइंच, आपल्या ओळखीच्या भाषेत सुमारे साडेसहा सीसी. साठचे म्हणजे जवळपास दहा सीसी. शिकाऊ विमाने बहुधा चाळीस ते शेहेचाळीसच्या इंजिनासाठी आखलेली असतात आणि तयार उडायला निघाली की त्यांचे वजन अडीच किलोच्या आसपास भरते.

विमानाच्या खोक्यावर किंवा नकाशावर इंजिनाचे माप छापलेले असते, ते उगाच नव्हे. ज्याने ते विमान आखले त्याने पंखांची मजबुती, नाकाची लांबी, चाकांची उंची आणि टाकीची जागा त्या मापाला धरून ठरवलेली असते. आपण साडेसहाच्या जागी दहा सीसी घालतो, तेव्हा त्याची सगळी बेरीज-वजाबाकी पुसून टाकतो. मग ती नव्याने मांडण्याची जबाबदारी आपली होते.

बावन्न घोडे पाण्यात, बारा हवेत!

केवळ इंजिनाच्या जोरावर विमान उडत नाही, हा धडा माणसाला फार पूर्वीच मिळाला आहे. तोही एका मॉडेल विमानातून सुरू झालेल्या गोष्टीतून!

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँग्ली हे नामांकित खगोलशास्त्रज्ञ. ६ मे १८९६ रोजी त्यांनी पोटोमॅक नदीवरच्या एका नावेतून वाफेच्या इंजिनावर चालणारे, माणूस नसलेले विमान सोडले. वजन सुमारे ११ किलो, पंखांची लांबी चार मीटरच्या वर. ते सुमारे एक किलोमीटर उडाले. जगाने तोंडात बोट घातले! दोन वर्षांनी अमेरिकी सरकारच्या युद्धखात्याने माणूस नेणारे विमान बांधण्यासाठी त्यांना ५० हजार डॉलर दिले.

लँग्लींचे सहायक चार्ल्स मॅनली यांनी त्यासाठी जे पेट्रोल इंजिन सिद्ध केले, ते त्या काळातले आश्चर्यच होते. ताकद ५२ अश्वशक्ती आणि वजनाला अगदी हलके. इंजिनाचा प्रश्न सुटला म्हणजे सगळे सुटले, असे वाटण्यासारखीच स्थिती होती. विमान मात्र मुख्यतः त्या छोट्या मॉडेलचीच वाढवलेली आवृत्ती होते. ७ ऑक्टोबर १९०३ रोजी ते नावेवरून सुटले आणि सरळ पाण्यात गेले. ८ डिसेंबरला पुन्हा प्रयत्न झाला. या वेळी ते सुटतानाच मोडले. दोन्ही वेळा विमानात बसलेले मॅनली बचावले हे नशीब. लँग्लींनी दोष विमान सोडणाऱ्या यंत्रणेला दिला. पण सांगाडाच त्या वजनाला आणि ताणाला पुरेसा नव्हता, असे पुढच्या अनेक अभ्यासकांचे मत पडले.

त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, सायकली दुरुस्त करणाऱ्या राइट बंधूंचे विमान उडाले. त्यांच्या इंजिनाची ताकद किती होती? फक्त १२ अश्वशक्ती! मात्र त्यांनी आधी कित्येक वर्षे पतंग आणि ग्लायडर उडवून पंख, तोल आणि नियंत्रण यांचा अभ्यास केला होता. इंजिन त्यांनी शेवटी बसवले. बावन्न घोडे पाण्यात गेले आणि बारा घोड्यांनी इतिहास घडवला, तो या क्रमामुळे.

वेग वाढतो थोडा, दणका वाढतो फार

आता शंकर नगरच्या गच्चीवर परत येऊ. साडेसहाऐवजी दहा सीसी म्हणजे इंजिन दीडपट झाले. मग विमानही दीडपट वेगाने जाईल का? मुळीच नाही.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो विरोध मोडून पुढे जाण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे ढोबळ हिशेबाने इंजिनाची ताकद दीडपट केली, तर सरळ उड्डाणातला वेग जेमतेम १५ टक्के वाढतो. ताशी ८० किलोमीटरने जाणारे विमान ९२ ने जाऊ लागते. ही झाली मिळकत.

आता खर्च पाहा. वेग १५ टक्के वाढला की तेवढ्याच झटक्यात वळवताना पंखांवर येणारा हवेचा जोर सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. इंजिनासह विमानाचे वजन अडीच किलोवरून पावणेतीनच्या पुढे गेले, असे धरा. मग ते कशावर आदळल्यास बसणारा दणका जवळजवळ दीडपट होतो. ताशी ८० किलोमीटरने येणारे विमान लागणे म्हणजे तेवढेच वजन आठव्या मजल्यावरून अंगावर पडणे. ९२ ने येणारे विमान म्हणजे अकराव्या मजल्यावरून, आणि तेही अधिक वजनाचे!

आईच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. वेगातला फरक डोळ्यांना फारसा दिसणारही नाही. पडल्यावरचा फरक मात्र नक्की दिसेल.

आधी रोग ओळखा

'इंजिन कमी पडते' ही तक्रार रायपुरात बहुधा कधी ऐकू येते? एप्रिल-मेमध्ये! यात नवल काही नाही. हवा तापली की विरळ होते. मे महिन्यातल्या ४४ अंशांच्या दुपारी रायपूरची हवा डिसेंबरातल्या थंड सकाळच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के पातळ असते. इंजिनाला श्वास कमी मिळतो, पंख्याला पकडायला हवा कमी मिळते आणि पंखांनाही आधार कमी मिळतो. डिसेंबरात झकास चढणारे तेच विमान मे महिन्यात धापा टाकते. त्यावर उपाय नवे इंजिन नव्हे. पहाटे उठून माळावर जाणे हा आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरा संशयित म्हणजे पंखा, अर्थात प्रॉपेलर. पंख्यावर दोन आकडे असतात. '१० बाय ६' म्हणजे १० इंच व्यास, आणि एका फेऱ्यात हिशेबाने ६ इंच पुढे सरकणारा पीळ. पीळ जास्त असला तर विमान सरळ रेषेत वेगाने जाते, पण चढताना दमते. मोटारीला चढावर खालचा गिअर लागतो, तसेच हे आहे. विमान चढत नसेल तर त्याच इंजिनावर बसणारा थोडा मोठ्या व्यासाचा आणि कमी पिळाचा पंखा लावून पाहावा. इंजिनाबरोबर आलेल्या पत्रकात कोणते पंखे चालतात ते दिलेले असते.

तिसरे, ग्लो प्लग जुना झाला आहे का? इंधन उघडे राहून त्यात ओल शिरली आहे का? सुई नीट लावली आहे का? टाकीतली नळी चिरली आहे का? मफलर काजळीने भरला आहे का? यातले एक जरी निघाले तरी थोडक्या खर्चात काम भागते. एवढे सगळे करूनही विमान कमी पडत असेल, तरच मोठ्या इंजिनाचा विचार करावा. छापलेल्या मापाच्या वरच्या टोकापर्यंत, म्हणजे चाळीसच्या जागी शेहेचाळीसपर्यंत जाणे बहुधा सुखाचे असते. साठचेच हवे असेल, तर साठसाठी आखलेले विमान बांधणे हाच राजमार्ग.

बदलायचेच असेल तर...

तरीही त्याच विमानात मोठे इंजिन घालायचे ठरले, तर पुढच्या गोष्टी क्रमाने कराव्यात. त्यातली एकही गाळू नये.

पडदा : इंजिन ज्या प्लायवूडच्या पडद्यावर बसते त्याला फायरवॉल म्हणतात. सगळा ओढ आणि सगळी थरथर त्यावर येते. जुन्या विमानात इंधनातले तेल मुरून तिथले लाकूड मऊ झालेले असते आणि सरस सुटलेला असतो. नखाने दाबून पाहा. लाकूड काळे पडले असेल तर ते काढून नवे घाला. साधारण ६ मिलिमीटर जाडीचे चांगले प्लायवूड, एपॉक्सीने चिकटवलेले, आतल्या कोपऱ्यांना तिकोनी लाकडाचा आधार आणि बाजूंनी बारीक लाकडी खुंट्या, एवढे हवेच. वरून एपॉक्सीचा पातळ हात दिला की तेल मुरत नाही.

मापाचे माउंट : जुन्याच माउंटची भोके कोरून मोठी करू नयेत. नव्या इंजिनाच्या मापाचे माउंट आणावे, त्याचे बोल्ट पडद्यामागे दातेरी नटांत बसवावेत आणि इंजिनाला लॉकनट लावावेत. थरथरीने साधा नट केव्हा सुटतो ते कळतही नाही.

तोल : सर्वांत महत्त्वाची बाब हीच. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर लागतो. नेमकी जागा नकाशावर दिलेली असते. समजा, नवे इंजिन मफलरसह २०० ग्रॅम जड आहे आणि ते गुरुत्वमध्याच्या २५ सेंटिमीटर पुढे आहे. जत्रेतल्या सी-सॉचाच हा हिशेब. २०० गुणिले २५ म्हणजे ५,०००. मागे शेपटी ७५ सेंटिमीटरवर असेल, तर तिथे सुमारे ६७ ग्रॅम शिसे बांधावे लागेल. म्हणजे २०० ग्रॅमपायी विमान २६७ ग्रॅमने जड झाले! त्यापेक्षा १०० ग्रॅमची रिसीव्हरची बॅटरी ३० सेंटिमीटर मागे सरकवली, तर ३,००० चा हिशेब तिथेच मिटतो. उरलेल्या २,००० साठी शेपटीत २७ ग्रॅम पुरतात. शिसे शेवटी, आधी आतले सामान हलवून पाहावे. आणि तोल पाहायचा तो टाकी रिकामी ठेवून. छंदी मंडळींत एक म्हण रूढ आहे : नाक जड असलेले विमान वाईट उडते, शेपूट जड असलेले एकदाच उडते!

रोख : मोठे इंजिन पूर्ण जोरात विमानाचे नाक वर उचलते आणि धावताना ते डावीकडे खेचते. म्हणून इंजिनाचा रोख दोन-तीन अंश खाली आणि दोनेक अंश उजवीकडे ठेवतात. माउंटखाली वॉशर सरकवून हे साधते.

टाकी आणि थंडावा : दहा सीसीचे इंजिन जास्त पिते. टाकी मोठी हवी, पण ती कार्ब्युरेटरच्या पातळीतच बसली पाहिजे. उंच बसली तर इंजिन तुंबते, खाली बसली तर उपाशी राहते. इंजिनावर आवरण असेल तर गरम हवा बाहेर पडण्याची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा दुप्पट तरी मोठी ठेवावी. रायपूरच्या उन्हाळ्यात ही चूक इंजिनाला महागात पडते.

चाके : १० इंचांऐवजी १२ इंचांचा पंखा लावला की त्याचे टोक एक इंच खाली येते. चाकांची तार उंच केली नाही, तर पहिल्याच धावेत पंखा मातीत!

मागची माणसे : नाकावरच्या बदलात शेपटी विसरली जाते. वाढलेल्या वेगात इलेव्हेटर, रडर किंवा एलेरॉन फडफडू लागला, तर काही क्षणांत तो उपटून निघू शकतो. बिजागऱ्या ओढून पाहाव्यात, सांध्यांतली ढिलाई काढावी, लांब वाकणारे दांडे बदलावेत आणि सर्व्हो त्या ताणाला पुरेसा आहे ना, ते त्याच्या पत्रकावर पाहावे. हवेत अचानक मोठा घूंऽऽ असा आवाज आला, तर थ्रॉटल ताबडतोब कमी करून विमान उतरवावे. 'काय असेल बरे?' हा विचार जमिनीवर करावा.

बॅटरीवाल्यांनीही ऐकावे

आता बरीच मुले ग्लो इंजिनाच्या वाटेलाच जात नाहीत. विजेची मोटर आणि लिपो बॅटरी घेतात. तेल नाही, धूर नाही, शेजाऱ्यांची कुरकुर नाही. मोठ्या इंजिनाचा मोह मात्र इथेही आहे. फक्त त्याचे रूप वेगळे : तीन सेलच्या बॅटरीऐवजी चार सेलची लावायची. अगदी दोन मिनिटांचे काम!

तीन सेल म्हणजे ११.१ व्होल्ट, चार म्हणजे १४.८. व्होल्टेज एक तृतीयांशाने वाढले, पण तोच पंखा ठेवला तर करंट जवळपास पावणेदोनपट होतो. आधी ३० अँपिअर जात असतील तर आता ५० च्या पुढे जातील. मधला स्पीड कंट्रोलर ४० अँपिअरचा असेल, तर तो हवेतच जळेल. बहुतेक वेळा रिसीव्हरलाही वीज त्याच्याकडूनच मिळते. तो गेला की विमान कुणाचेच ऐकत नाही. म्हणून सेल वाढवायचा तर पंखा लहान करावा आणि वॉटमीटर लावून करंट जमिनीवरच मोजावा.

लिपो बॅटरी फुगली असेल तर वापरू नये. चार्जिंग फरशीवर, जळण्यासारख्या वस्तूंपासून दूर आणि कुणीतरी समोर असतानाच करावे. मे महिन्यात बंद मोटारीत ती विसरून येणे म्हणजे आगीला आवतणच.

मोठ्या विमानांचीही हीच गत

ही सगळी काळजी खेळण्यापुरती आहे असे कुणाला वाटेल, तर बोइंग कंपनीच्या ७३७ मॅक्सची गोष्ट आठवावी. ७३७ हे मूळ विमान १९६७ साली पहिल्यांदा उडाले. जमिनीपासून बुटके, पंखांखाली जागा थोडी. पुढे इंधन वाचवण्यासाठी त्याला मोठ्या व्यासाची नवी इंजिने लावायची ठरली. ती पंखाखाली जुन्या जागी मावेनात, म्हणून पुढे आणि वर सरकवली. त्यामुळे काही स्थितींत विमानाचे नाक वर जाण्याकडे कल वाढला. तो आवरण्यासाठी नाक आपोआप खाली दाबणारी संगणकीय व्यवस्था घातली गेली. ती एका वेळी एकाच संवेदकाच्या भरवशावर चालत होती आणि वैमानिकांना तिची धड माहितीही दिलेली नव्हती.

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरचे आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे विमान पडले. दोन्ही मिळून ३४६ माणसे गेली. जगभर ही विमाने जमिनीवर उभी करण्यात आली. भारतात त्यांना पुन्हा उडण्याची परवानगी मिळायला ऑगस्ट २०२१ उजाडला.

तिथल्या इंजिनात काही खोट नव्हती. इंजिन बदलल्यावर बाकीच्या विमानाचा विचार जितक्या सचोटीने व्हायला हवा होता तितका झाला नाही. एवढ्या मोठ्या कंपनीचे गणित चुकू शकते, तर गच्चीवरच्या टेबलावर ते दोनदा तपासायला काय हरकत आहे?

पाते आणि बाटली

उडण्याआधीची इजा जास्त वेळा होते. ११ इंचांचा पंखा मिनिटाला १२ हजार फेऱ्यांनी फिरतो, तेव्हा त्याचे टोक ताशी ६३० किलोमीटरच्या वेगाने जात असते. डोळ्यांना ते दिसतही नाही. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९ वर्षांचा एक तरुण स्वतःच उडवत असलेल्या मॉडेल हेलिकॉप्टरचे पाते लागून मरण पावला. तो नवशिका नव्हता.

म्हणून इंजिन सुरू करताना विमानाची शेपटी बांधावी किंवा दुसऱ्याने घट्ट धरावी. पंखा बोटाने फिरवू नये. लाकडी दांडी किंवा विजेचा स्टार्टर वापरावा. इंजिन सुरू झाल्यावर सुई फिरवायची ती पंख्याच्या मागे उभे राहून. पंख्याच्या रेषेत आजूबाजूलाही कुणी थांबू नये, कारण पाते तुटले तर ते त्याच दिशेने उडते. ओढणी, सैल बाही, गळ्यात लोंबणारा ट्रान्समीटरचा पट्टा या गोष्टी आधी आवराव्यात. चीर गेलेला पंखा चिकटवून वापरू नये. तो सरळ मोडून फेकून द्यावा.

ग्लो इंधन मुख्यतः मेथॅनॉलचे असते. ते विषारी आहे. थोडे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ते भरून ठेवणे हा गुन्हाच समजावा. घरात लहान मूल असेल तर डबा कुलपात हवा. शिवाय मेथॅनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, तेव्हा आग लागली हे चटका बसल्यावरच कळते.

कुठे उडवाल?

शंकर नगरात बी. टी. आय. मैदान आहे, पण चारी बाजूंनी वस्ती असलेल्या मैदानावर असे विमान उडवू नये, मग इंजिन चाळीसचे असो वा साठचे. गावाबाहेर, विजेच्या तारा, रस्ता आणि गुरे यांपासून दूर असा माळ शोधावा. उडवणाऱ्याच्या मागे एक रेघ आखावी आणि सगळे बघे त्या रेघेमागे ठेवावेत. विमान रेघेच्या पुढेच राहिले पाहिजे.

सरकारी नियमही आहेत. रायपूरचे स्वामी विवेकानंद विमानतळ माना येथे आहे आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनी विमानतळांभोवतीच्या हवेचे लाल, पिवळे, हिरवे असे पट्टे पाडले. आपला माळ कोणत्या पट्ट्यात येतो ते 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर पाहावे. याच नियमांनी वजनाचेही टप्पे ठरवले : २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. हौशी माणसाला मायक्रोपर्यंत पायलटच्या प्रमाणपत्रातून सूट दिली गेली. म्हणजे पावणेदोन किलोचे विमान मोठ्या इंजिनामुळे सव्वादोन किलोचे झाले, तर ते नियमांच्या दुसऱ्याच खान्यात जाते. उडवण्यापूर्वी चालू नियम वाचून घेणे शहाणपणाचे.

पहिले उड्डाण

नवे इंजिन आधी जमिनीवर, स्टँडला घट्ट आवळून, पत्रकात सांगितल्याप्रमाणे चालवून घ्यावे. मग विमानात बसवून ते चालू असतानाच रेडिओचा पल्ला तपासावा, कारण थरथरीत चुकीचे जोड उघडे पडतात. ट्रान्समीटर बंद केल्यावर थ्रॉटल आपोआप खाली येते ना, हेही पाहावे. तपासणी झाल्यावर वारा पडलेली सकाळ निवडावी आणि अनुभवी माणूस शेजारी उभा करावा. उड्डाण पूर्ण जोरात करू नये, थ्रॉटल हळूहळू द्यावे. उंची घेऊन वेग कमी करत पाहावा. जड झालेले विमान आता पूर्वीपेक्षा जास्त वेगात असतानाच आधार सोडते, तो वेग ओळखून ठेवावा. उतरताना तो लागतो. पाच मिनिटांत खाली आणून प्रत्येक स्क्रू पुन्हा तपासावा.

मुंबईतल्या कांदिवलीच्या एका गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. त्याची सरकारदरबारी नोंदणी व्हायला पुढचे साल उजाडले, आणि उड्डाणाच्या परवानगीला २०१९. बांधण्याची हिंमत एक, आणि तपासणीला उतरण्याचा धीर दुसरा. विमानाला दोन्ही लागतात.

शंकर नगरच्या गच्चीवरच्या चिरंजीवांनी हे सगळे ऐकले, तर काय करतील? कदाचित शेहेचाळीसचे इंजिन घेतील, पडदा नवा घालतील, बिजागऱ्या बदलतील, तोल दोन बोटांवर धरून पाहतील आणि पहाटे साडेपाचला बाबांना उठवतील. बाबांनी कुरकुरू नये. आणि माळावर निघताना आईने पुन्हा विचारलेच, "पडलं म्हणजे?", तर तिला सांगता यायला हवे : "पडलं, तर मोकळ्या माळावर पडेल. तिथे माणूस नसेल."

हे उत्तर ज्याच्याजवळ तयार आहे, त्याने मोठे इंजिन खुशाल बसवावे.